नजरेने भरलेला रकाना

तपासणी केंद्रातली सगळी माणसं तिला तोफ म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडे. काउंटरच्या काचेमागे ती येऊन बसली की रांग आपोआप सरळ होई. कुणी फोनवर मोठ्याने बोलायला लागलं की ती पेनाचं टोक काचेवर आपटे आणि म्हणे, "घरची भांडणं घरी. इथे फक्त रक्त आणि लघवी." ही बाई नाकावर राग घेऊनच जन्माला आली, असं तिची नणंद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. नणंदेचं चुकत होतं. राग जन्माचा नव्हता. तो तिला विशीत, गोदीच्या कचेरीत मिळाला होता.

तेव्हा तिला क्रेन चालवायची होती. गोदीवर भरती निघाली होती आणि परीक्षा साधी होती. वरच्या केबिनमध्ये बसायचं, साखळीला लटकवलेलं रिकामं पिंप उचलायचं आणि जमिनीवर खडूने काढलेल्या वर्तुळात ठेवायचं. सकाळपासून कुणाचं पिंप वर्तुळाबाहेर पडत होतं, कुणाचं आडवं होऊन गडगडत होतं. हिचं पिंप खडूची रेघही न पुसता आत बसलं. खाली उभ्या असलेल्या मुकादमाने टाळ्या वाजवल्या. मग कचेरीतल्या कारकुनाने अर्ज पुढे ओढला, स्त्री की पुरुष या रकान्यापाशी पेन थांबवलं, वर बघितलं आणि म्हणाला, "अहो, हे आधी नाही का सांगायचं?"

"दोन वेण्या घालून आलेय," ती म्हणाली. "आणखी कसं सांगतात?"

नियमात बसत नाही म्हणून तिला घरी पाठवलं आणि ज्याचं पिंप गडगडलं होतं त्याला घेतलं. तेव्हापासून तो रकाना तिच्या डोक्यात गेला तो गेलाच.

पुढे कुठेही तो दिसला की तिचं तोंड सुटे. चपलांच्या दुकानात सवलतीचं कार्ड करताना तिने विक्रेत्याला सुनावलं, "पाय मोजा माझा. बाकीचं मोजायला मी आलेले नाही." वाचनालयात ग्रंथपालाला विचारलं, "पुस्तक बाईने वाचलं तर दोन पानं कमी निघतात का?" पार्किंगच्या पासवर तर तिने त्या रकान्यात सरळ 'स्कूटर' असं लिहून दिलं, आणि तो पास बिनबोभाट मंजूरही झाला. म्हणजे तो रकाना कुणी वाचतसुद्धा नव्हतं! या तिन्ही ठिकाणी तिचंच बरोबर होतं. ज्या माहितीचं पुढे काहीच करायचं नसतं ती लोकांकडून उकळून घ्यायची, ही निव्वळ हावरट खोड आहे. चहा पिऊन झाल्यावर कपबशीही खिशात घालणाऱ्या पाहुण्यात आणि असल्या कचेऱ्यांत काडीचा फरक नाही.

केंद्राच्या मॅनेजरला ही खोड चांगलीच जडलेली होती. त्याने चहाच्या यंत्राशेजारी एक पडदा लावला. चहा कसा वाटला ते हसऱ्या किंवा रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवून सांगायचं, आणि त्याखाली आपण स्त्री की पुरुष तेही सांगायचं.

"कशाला?" तोफेने विचारलं.

"वर आकडेवारी पाठवायची असते."

"चहा रडका आहे. बायकांनाही आणि पुरुषांनाही. पाठवा वर." असं म्हणून तिने रक्त काढल्यावर दंडावर लावायची चिकटपट्टी आणून पडद्याच्या त्या भागावर फासली. मॅनेजर ती काढी, ही पुन्हा लावी. दोघांचं एकमेकांशी पटायचं म्हणजे एवढंच.

पण ज्या काउंटरवर ती बसे तिथेही हा रकाना होताच, आणि तिची गफलत इथे होती. तो भरल्याशिवाय संगणक पुढे सरकत नसे. तोफ कुणालाही काही विचारत नसे. मान वर करायची, समोरच्या माणसाकडे एक नजर टाकायची आणि कळ दाबायची. सगळ्या काउंटरची हीच पद्धत होती, तिला सगळे नजरेने भरणं म्हणत. विचारलं तर पुरुषांना राग येई, बायका खुदकन हसत आणि रांग तुंबे. "मला आयुष्यभर विचारून छळलंय," ती नव्या लोकांना शिकवताना ठासून सांगे, "मी कुणाला विचारणार नाही." विचारायचं नाही आणि तरी परस्पर भरून टाकायचं, हे त्या गोदीतल्या कारकुनाहून वेगळं कसं, असा प्रश्न तिला कधी पडला नाही. संगणक त्या माहितीचं काय करतो हेही तिने कधी जाणून घेतलं नाही. तिच्या हिशेबी तीसुद्धा संगणकाची चहाच्या यंत्रासारखीच खाज होती.

तिचा नवरा काचवाला. खिडक्यांना, दारांना काचा बसवून द्यायचा. हिरकणीने काचेवर रेघ मारली की टेबलाच्या कडेला ठेवून हलकेच दाबायचा आणि काच बरोबर रेघेवर तुटायची. घरात मात्र त्याचा आवाज ऐकू येणं कठीण. तोफ दोघांच्या वाटचं बोले आणि तो दोघांच्या वाटचं ऐके. एवढ्या भांडकुदळ बाईचा या अबोल माणसावर इतका जीव होता की शेजारणींना त्याचं नवल वाटे. तो कामावरून आला की ती आधी त्याचे तळवे उलटे करून बघे, कुठे कापलंय का ते, आणि कापलेलं असलं की त्याच्यावरच खेकसे.

गेली दोन वर्षं त्याला दम लागत होता. जिन्यात काच भिंतीला टेकवून तो मध्येच थांबू लागला. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणे, "वय झालं गं." वय कसलं, पन्नाशीही धड ओलांडली नव्हती.

केंद्रात कर्मचाऱ्यांची वर्षातून एकदा फुकट तपासणी होई. नियमाने ती फक्त कर्मचाऱ्याचीच, पण हा नियम कुणीच पाळत नसे. कुणी आईचं रक्त स्वतःच्या नावावर देई, कुणी सासऱ्याचं. तोफ स्वतः घोड्यासारखी ठणठणीत. तिने आपली तपासणी नवऱ्याला दिली. सुट्टीच्या सकाळी त्याला मागच्या दाराने आत आणलं, नळ्यांवर हिच्या नावाची चिठ्ठी डकवली आणि लांब्याने रक्त काढलं. लांब्या म्हणजे तिथला तंत्रज्ञ. उंचीमुळे तो सूक्ष्मदर्शकावर अर्धा वाकून काम करी. गेल्याच्या गेल्या वर्षी असं केलं, गेल्या वर्षीही केलं. रिपोर्टात काही कमी-जास्त असलं की आकड्यापुढे यंत्र चांदणी छापे, आणि चांदणीवाला रिपोर्ट लगेच डॉक्टरकडे जाई. नवऱ्याच्या दोन्ही रिपोर्टांत हिमोग्लोबिनपुढे चांदणी नव्हती.

"एक चांदणी नाही!" तोफेने दोन्ही वेळा कागद त्याच्या नाकापुढे नाचवला. "दम लागतो म्हणे. आळस भरलाय अंगात, दुसरं काही नाही."

तो हसला आणि काच उचलून कामाला गेला.

आणि एक दिवस काउंटरवर आला तो एक गाडी शिकवणारा. आखूड केस, दंडावर शिकवणी वर्गाचा पट्टा. त्याने रिपोर्ट काचेच्या फटीतून आत सारला नाही, काचेवर थापला.

"हा रकाना कुणी भरला?"

"आवाज खाली," तोफ म्हणाली. "काय बिघडलंय त्यात?"

"हिमोग्लोबिनपुढे चांदणी आहे. ती बघून डॉक्टरने गोळ्या दिल्या. मग घशातून नळी घातली, पोटात बघितलं. मग खालून घातली. आठवडाभर वर्ग बंद ठेवला मी. आणि मला काहीही झालेलं नाही!"

"काही झालेलं नाही तर पेढे वाटा. माझ्या डोक्यावर का बसताय?"

गाडी शिकवणारा काचेच्या अगदी जवळ आला. बोलला तो हळू, पण त्या हळू बोलण्यात शिवीपेक्षा जास्त धार होती. "मी पुरुष आहे. तसाच राहतो, तसंच मला लोक ओळखतात. पण शरीर मला बाईचं मिळालंय, आणि त्यावर मी अजून एकही औषध घेतलेलं नाही. तुमचं यंत्र शरीराकडे बघतं, माझ्या शर्टाकडे नाही. शेवटी डॉक्टरला मीच सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, मग तुमचं रक्त अगदी बरोबर आहे."

"मग इथेच सांगायचं होतं की," तोफ म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला गोदीतला कारकून आठवला. तिने तो विचार झटकून टाकला.

"कुणी विचारलं? गाडी शिकायला येणाऱ्याला मी विचारत नाही, कारण क्लच दाबायला ते लागत नाही. तुम्हांला लागतं. जिथे लागतं तिथे कारण सांगून, चार माणसांसमोर नाही, बाजूला घेऊन विचारायचं असतं. मी काय लपवणार होतो? तुम्ही तोंड बघितलंत आणि ठोकून दिलंत."

"तोंडावर लिहिलेलं असतं का?" तोफेने आवाज चढवला.

"नसतंच," तो म्हणाला. "तेच सांगतोय, बाई."

रांगेतलं कुणीतरी फिस्कन हसलं. तोफेने त्याच्याकडे असं बघितलं की तो रांग सोडून बाहेर गेला. गाडी शिकवणाऱ्याने रिपोर्ट दुरुस्त करून मागितला आणि तिने तो ताडताड पावलं टाकत आत लांब्याकडे नेला. "बघ रे, कोण माजलंय. म्हणे यंत्राने खोटी चांदणी दिली."

लांब्याने सूक्ष्मदर्शकावरून डोकं काढलं. "खोटी नाही हो. बारा पॉइंट चार आहे. पुरुषाचं तेराच्या खाली गेलं की चांदणी. बायकांचं बाराच्या खाली गेलं तर. तुम्ही पुरुष भरलंत, यंत्राने चांदणी दिली. बाई भरलं असतंत तर दिली नसती. आकडा तोच."

तोफेने हातातला रिपोर्ट टेबलावर ठेवला.

"माझे रिपोर्ट काढ," ती म्हणाली. "दोन्ही वर्षांचे."

लांब्याने पडद्यावर ते उघडले. गेल्याच्या गेल्या वर्षी बारा पॉइंट आठ, गेल्या वर्षी बारा पॉइंट एक. वर हिचं नाव आणि रकान्यात स्त्री. हे रक्त कुणाचं ते लांब्याला ठाऊक होतं, त्यानेच काढलं होतं. त्याचं तोंड उतरलं. त्याने रकाना बदलून बघितला, आणि दोन्ही आकड्यांपुढे चांदणी उमटली.

"माझ्या लक्षात कसं आलं नाही," तो पुटपुटला.

"तुझं सोड. माझ्या यायला हवं होतं," तोफ म्हणाली, आणि टेबलावरची रिकाम्या नळ्यांची जाळी तिने एका फटक्यात खाली पाडली.

घरी आली तेव्हा नवरा जिन्यात, मधल्या पायरीवर बसलेला होता. शेजारी भिंतीला टेकवलेली काच. तिने त्याची खालची पापणी ओढून बघितली. आतून पांढरी पडलेली. इतके दिवस ही बाई त्याचे तळवे बघत होती, डोळे बघितले नव्हते.

"उद्या मोठ्या दवाखान्यात जायचंय."

"उद्या दोन खिडक्या..."

"खिडक्या गेल्या खड्ड्यात! उघड्या राहू देत सगळ्यांच्या!"

तो उठला. तिचा हात धरून वर आला, आणि तिने हात धरू दिला यावरूनच काहीतरी मोठं बिनसलंय हे त्याला कळलं असावं.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. तिच्यातून थोडं थोडं रक्त झिरपत होतं, आजचं नव्हे, कितीतरी दिवसांपासून. सर्जनने सगळं नीट समजावून सांगितलं आणि विचारलं, "याआधी कधी रक्त तपासलं होतं? हिमोग्लोबिन कधीपासून घसरतंय ते कळलं तर बरं पडेल."

"नाही," नवरा चटकन म्हणाला. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिच्याआधी बोलला होता. का बोलला ते तिला लगेच समजलं. खरं सांगितलं तर हिची नोकरी जाणार होती, आणि इथून पुढे घर चालणार होतं ते हिच्याच नोकरीवर. त्याने टेबलाखाली तिच्या पायावर पाय ठेवला.

तोफेने पाय काढून घेतला. "तपासलंय. दोनदा. माझ्या नावावर." तिने दोन्ही आकडे सांगितले. "मी बाई म्हणून चांदणी आली नाही. केंद्रात फोन करून विचारा हवं तर."

सर्जनने आकडे लिहून घेतले. "पहिल्याच वेळी आला असतात तर..." असं म्हणून तो थांबला.

"पुरं करा वाक्य."

"कशाला आता?"

"अर्धं वाक्य घेऊन मी घरी जाणार नाही. पुरं करा."

"तर गाठ बहुतेक लहान असती," सर्जन म्हणाला. "सहज निघाली असती. आता मोठी आहे आणि पसरली आहे की नाही ते पोट उघडल्यावरच दिसेल. माझ्याकडून आत्ता कुठलंच वचन नाही."

तोफेने मान हलवली. संध्याकाळी नणंद आली ती चपलाही न काढता. "फुकटाचं मिळतंय म्हणून माझ्या भावाला बाई करून टाकलंस? अगं, जगात कुणी असं करतं का?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी नणंदेची सालटी निघाली असती. "करतात, ताई," तोफ म्हणाली. "मी केलं." नणंदेला भांडणासाठी समोर कुणी उरलंच नाही, तेव्हा ती भावाशेजारी बसून रडू लागली. तोफेला रडू आलं नाही. तिला स्वतःचीच चीड आली होती आणि ती चीड कुणावर काढावी ते तिला कळत नव्हतं.

केंद्रात फोन गेला, आणि मॅनेजरने तिला बोलावलं. त्याच्या चेहऱ्यावर चिकटपट्टीचा सगळा सूड होता. फसवणूक, शिस्तभंग, संस्थेची बदनामी असं बरंच काही तो बोलला, आणि शेवटी म्हणाला, "गंमत बघा. रकान्यावरून माझ्याशी भांडायच्या तुम्ही. काउंटरवर मात्र एकालाही कधी विचारलं नाहीत."

"हो," ती म्हणाली. "आणि तुम्ही चहाच्या यंत्रापाशी सगळ्यांना विचारलंत. मी माणूस पाडला अंथरुणात. तुम्ही काय मिळवलंत? चहा अजून रडकाच आहे."

त्याने नोकरी सोडण्याचा छापील कागद पुढे सरकवला. नावाखालीच तो रकाना होता. तिने तो कोरा सोडला आणि सही केली.

"तो भरा," मॅनेजर म्हणाला.

"याचं तुम्ही काय करणार ते सांगा, लगेच भरते."

मॅनेजरने कागद आपल्याकडे ओढला. तिने पेन टेबलावर आपटलं. बाहेर येताना लांब्याला खिडकीशी गाठून म्हणाली, "काउंटरवरच्या सगळ्यांना सांग. नजरेने भरणं बंद. बाजूला घ्या, कारण सांगा आणि विचारा. कुणाला राग आला तर येऊ दे." लांब्या मान हलवत राहिला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी ती नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली. भरतीच्या काउंटरवर एक तरुण मुलगी बसली होती. नवरा वाळून गेला होता. दाढी करायचं त्राण नव्हतं म्हणून तोफेनेच घोटून केली होती आणि थंडी वाजते म्हणून त्याच्या डोक्यावरून तिची शाल घेतलेली होती. मुलीने मान वर केली, एक नजर टाकली आणि तिचं बोट कळेकडे गेलं.

तोफेचा तळवा काचेवर इतक्या जोरात पडला की सगळा हॉल वळून बघायला लागला.

"नजरेने भरू नकोस! त्याला विचार!"

"अहो मावशी, दिसतंय की मला..."

"तुला काहीही दिसत नाही! मलाही दिसत नव्हतं. त्याला तोंडाने विचार!"

मुलगी बिचारी पांढरीफटक पडली. तिने शालीच्या आत बघत चाचरत विचारलं, "काका... स्त्री की पुरुष?"

काचवाल्याने आधी बायकोकडे बघितलं. तिचा हात अजून काचेवरच होता. त्याने तो हळूच काचेवरून सोडवला आणि आपल्या हातात घेतला.

"या वेळी पुरुष लिहा," तो म्हणाला.

मुलीला त्यातलं काही कळलं नाही. तिने कळ दाबली. तसाच तिचा हात धरून तो तिला आतल्या दाराकडे घेऊन गेला.